कमळबाईंचा कागद

मासळी सुकवायची जागा वाचवायला गोराईच्या कमळबाई बोरिवलीला सुनावणीसाठी आल्या. समितीवरच्या प्रा. राजाध्यक्षांनी ओळख दाखवली नाही.

"जागा पिढीजात असल्याचा कागद आहे?"

"तीन वर्षं माझ्या ओट्यावर बसून माझं बोलणं टेप केलंस, तवा कागद नाय मागितलास रे!"

कमळबाईंनी पिशवीतून राजाध्यक्षांचंच पुस्तक काढून टेबलावर आपटलं. याच पुस्तकावर ते प्राध्यापक झाले होते.

"घे, पान एकशे बारा. माझ्या आजेसासूपासून त्या जागेवर कोण कोण बसलं, सगळं तूच छापलंस. झाला ना आता कागद?"

राजाध्यक्षांनी ते पान शांतपणे वाचलं आणि पुस्तक परत सरकवलं.



"बाई, हे सगळं तुम्हीच सांगितलेलं आहे. याला पुरावा म्हणत नाहीत."