परतीचा डबा

"कुकरमध्ये मीठ टाकून बिस्किटं भाजतं का कुणी?" आई म्हणाली. मी भाजली. दोन-दोन चकत्यांमध्ये क्रीम भरलं आणि डबा ताईच्या सासरी सांगलीला पाठवला.

लहानपणी ताई क्रीमचं बिस्किट उघडायची, क्रीम चाटायची, चकत्या पुन्हा चिकटवून मला द्यायची. चौथीपर्यंत मी त्यालाच क्रीमचं बिस्किट समजत होतो. लग्न झाल्यापासून मात्र ती फोनवर बँकेतल्या बाईसारखी बोलायची.

तसाच फोन आला. "बिस्किटं छान होती हं. सगळ्यांना एकेक दिलं. काळजी घे, ठेवते." शाबासकी घेऊन मी काय करू? मला भांडायला ताई हवी होती.

आठवड्याने डबा परत आला, तोही जड. "रिकामा डबा पाठवायचा नसतो, बरोबर आठवलं तिला," आई कौतुकाने म्हणाली. "लाडू असणार."

आत माझीच उरलेली बिस्किटं होती. नीट चिकटवलेली. क्रीमचा मागमूस नाही.

"शी! उष्टी! टाक ती," आई ओरडली.

मी डबा छातीशी धरून एक तोंडात टाकलं. कोरडं ठणठणीत. आता कुठे क्रीमची बिस्किटं बरोबर जमली होती.