दिलेला मेहर

न्हावऱ्याहून कफनाचं कापड घेऊन आलेल्या अजीमने मोटारसायकल उभी केली आणि तो सरळ मागच्या चुलीपाशी गेला. तिथे त्याची आई, इमामबी, एकटीच होती. बाकीच्या बायका पुढच्या खोलीत मय्यतीजवळ बसल्या होत्या. चुलीवर त्याच्या वडिलांच्या, मेहमूदच्या, शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. सकाळी घरात दुसरी रोकड नव्हती म्हणून आईने दिलेल्या दोन नोटा त्याने कापडासोबत परत तिच्या हातात ठेवल्या.

"पैसं घेतलं न्हाईत व्हय?"

"कापड उधार आनलंय." पुढचं तो हळू बोलला. "अम्मा, ह्या नोटा खोट्या हायती."

दुकानदार जुन्या ओळखीचा होता. त्याने नोटा गल्ल्यात टाकण्याआधी पाहिल्या, आणि अजीमसमोर शेजारी शेजारी मांडल्या. दोन्हींवर एकच नंबर होता.

इमामबीने पेटीतून उरलेली गड्डी आणली. अजीमने एकेक नोट उजेडात तिरपी करून पाहिली. आतला हिरवा दोरा निळा दिसायला हवा होता. तो हिरवाच राहिला. नंबरही तोच.

हा तिचा मेहर होता, नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. निकाहात कबूल केलेला आणि चाळीस वर्षं द्यायचा राहिलेला. पैसे साठले की घरात काहीतरी निघायचं. राहू द्या, मी माफ केला, असं ती म्हणायला लागली की मेहमूद तिला मध्येच तोडायचा. "माफी मेलेल्याला देत्यात. मी जिता हाय अजून."

गेल्या महिन्यात त्याने दोन्ही बोकड शिरूरच्या बाजारात नेले आणि एका अनोळखी व्यापाऱ्याला विकले. डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून नोटा बोटांनी चाचपून मोजल्या. घरी येऊन त्या तिच्या ओंजळीत ठेवल्या, आणि संध्याकाळी मशिदीच्या पायरीवर सगळ्यांना सांगितलं की आता आपण मोकळे झालो.

लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, असं अजीमने विचारलं. इमामबीने त्या दोन नोटा गड्डीत परत ठेवल्या. मग तिने सगळी गड्डी पाण्याखालच्या जाळात सरकवली.

"कुनाला काय सांगू नगं," ती म्हणाली. "पानी ने. तापलंय."

पुरुषांनी मेहमूदला आंघोळ घातली, कफन बांधलं, चेहरा तेवढा उघडा ठेवला. मग बायका शेवटचं बघायला भोवती बसल्या. इमामबी त्याच्या उजव्या अंगाला होती. मेहमूदची बहीण हमीदा तिच्याकडे वळली.

"वहिनी, रीत हाय म्हनून इचारते. दादानं मेहर दिलाय, समद्या इनामगावाला ठाव हाय. तरी चौघीत एकदा बोल."

"दिला," इमामबी म्हणाली. "माज्या हातात दिला. मोजून."

"आमच्यावर समद्यींवर मय्यतीपाशी मेहर माफ करायचीच येळ आली बग," हमीदा म्हणाली. दोघीतिघींनी माना हलवल्या. शेजारची भागुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली की असा मानूस मिळाया नशीब लागतं. इमामबीने मान डोलावली.

अजीम दारात आला. बाहेर माणसं जनाजा उचलायला थांबली होती.

विहिरी खोदायच्या कामात सुरुंगाने मेहमूदचा उजवा कान कधीच गेला होता. त्याला काही सांगायचं असलं की ती डावीकडे जायची. आताही ती उठली. पायांकडून वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला बसली. कफन जरासं सरकवून तिने कानातला कापूस काढला, आणि जो शब्द त्याने तिला कधी पुरा करू दिला नव्हता, तो त्या कानात बोलली.

मग कापूस होता तसा पुन्हा बसवला.