तूस की छिलका

सहाच्या सहा छिलक्यावर.

गुणाजी पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने परत मोजलं. सहा गिनीपिग, एकमेकांना चिकटून, पावासारखी फुगून झोपलेली. एकाने तर मागचे पाय लांब सोडलेले. लाजलज्जा काही नाही. पिंजऱ्याच्या मधोमध दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी. अलीकडे गुणाजीचं तूस, पलीकडे जानकीचा छिलका. तूस काल टाकलं तसंच, सपाट. कोणी ढुंकून बघितलेलं नाही.

मुलुंडच्या त्या औषध कंपनीत गुणाजी चौदा वर्षं ही जनावरं सांभाळत होता. चौदा वर्षं त्यांच्या खाली भाताचंच तूस. भांडुपच्या गिरणीतून तो स्वतः चाळून आणायचा. मग तीन महिन्यांपूर्वी ही जानकी हाताखाली आली आणि गेल्याच आठवड्यात विद्याधर सरांना म्हणाली, "सर, तूस टोचतंय त्यांना. डोळ्यात जातंय. माझा भाऊ विक्रोळीला वखारीत आहे. सुतार रंधा मारतात ना, तो मऊ छिलका आणून बघू?"

सर म्हणाले, "तीन दिवस अर्धं अर्धं टाका. रोज सकाळी मोजा, कुठे झोपतात ते. जास्त जिथे, तेच सगळ्या पिंजऱ्यांना."

पहिल्या दिवशी चार छिलक्यावर. काल पाच. म्हणून काल सुटताना गुणाजीने आपलं घामट बनियन तुसाखाली सारून ठेवलं होतं. वासाला तरी येतील. आज सहा.

छिलक्याचं एक वेळ सोडा. खरं झोंबलं होतं ते शिट्ट्यांचं. गुणाजीच्या चपला पॅसेजमध्ये वाजल्या की चाळीसच्या चाळीस पिंजरे शिट्ट्या मारायचे. चौदा वर्षं. सर पाहुण्यांना थांबवून दाखवायचे, "ऐका, आमचा गुणाजी आला." हल्ली त्याच्या चपलांना दोन-चार शिट्ट्या, उगाच आपल्या म्हणून. आणि त्या बयेच्या बांगड्या जिन्यात किणकिणल्या की अख्खी खोली डोक्यावर. घरी बोलून दाखवलं तर बायको हसली. "उंदरांवरसून कोण जळता काय ओ?"

"उठा," गुणाजी म्हणाला आणि एकेकाला उचलून त्याने तुसावर ठेवलं. सहावा ठेवेपर्यंत पहिला पट्टी ओलांडून परत. पुन्हा ठेवले, पुन्हा गेले. शेवटी त्याने मूठभर लसूणघास आणला आणि तुसावर टाकला. मग आले. उड्या मारत आले, हरामखोर.

तेवढ्यात जिन्यात बांगड्या. खोली पेटलीच. घास चघळता चघळता त्या सहाजणांनीही माना वर करून शिट्ट्या मारल्या.

जानकी दारात उभी राहिली. तिने गुणाजीचे हिरवे झालेले हात बघितले. मग पिंजरा. तुसातून बनियनचा पट्टा वर आला होता.

"काका, ते काय?"

"बनियन. वाळत घातलंय."

"तुसात?"

खाली आवारात सरांची लॅम्ब्रेटा आली आणि बंद झाली. जानकीने खिळ्याला अडकवलेलं मोजणीचं कार्ड काढलं, कानामागची पेन्सिल घेतली आणि पटकन लिहून टाकलं. तूस, सहा.

"काय लिहिलंस?"

"दिसलं ते. सगळी तुमच्याच बाजूला आहेत की."

"डोळे फुटले काय तुझे? घास खातायत ती."

"जाऊ दे ना काका. तुमचंच राहू दे."

जिन्यात सरांचे बूट वाजायला लागले. गुणाजीने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेष्टा कुठे सापडते का बघितलं. नव्हती. तेच त्याला जास्त लागलं. घास संपला होता. काणा, ज्याचा एक डोळा महिनाभर पाणावलेला होता, तो पट्टी चढून पलीकडे गेला आणि छिलक्यात तोंड खुपसून बसला. मागोमाग दुसरा.

"माका तुझे उपकार नको गो," गुणाजी म्हणाला. त्याने कार्ड ओढून घेतलं, तूस असं खोडलं की कागद फाटला, आणि खाली लिहिलं. छिलका, सहा.

सर आले, कार्ड वाचलं. "अरे वा, एकमताने! गुणाजी, तुम्हाला पटतंय ना?"

"माझ्या पटण्याचं काय सर. झोपणार ती."

"झकास. जानकी, भावाला फोन लाव. बारा पोती सांग."

जानकी गेली. सर गेले. बांगड्या जिना उतरेपर्यंत शिट्ट्या चालू होत्या, मग थांबल्या.

गुणाजीने बनियन उपसून झटकलं, खांद्यावर टाकलं. तूस सुपात भरून बाहेर नेऊन ठेवलं. मग पॅसेजच्या टोकाला जाऊन तो परत आला, चपला मुद्दाम आपटत.

आतून तीन शिट्ट्या. त्याने मोजल्या.

दाराशी तो थांबला. मागे वळून बघितलं, पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याने कानाजवळ धरला आणि हळूच हलवला. किण, किण.

अख्खी खोली शिट्ट्या मारायला लागली.

गुणाजी आत गेला नाही. आत गेला असता तर त्यांना दिसलं असतं. तो दाराबाहेरच उभा राहिला, बराच वेळ, किल्ल्या हलवत.