दोन इंच उंच

दयानंदने नवा पिकअप ट्रक घेतला आणि तो उंच करून घ्यायचं ठरवलं. सस्पेन्शन बदललं की वॉरंटी जाते, म्हणून महिनाभर तो बंगळुरूतल्या वर्कशॉपच्या चकरा मारत होता. शेवटी कंपनीनेच मान्य केलेलं दोन इंचांचं किट शोरूममध्ये बसवून घेतलं, वॉरंटी कायम राहील असं लेखी घेतलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी बंगळुरूतच, येलहंक्याला मावसबहिणीची, प्रणिताची, वास्तुशांत होती. त्यासाठी निपाणीहून आलेली त्याची आई ठेवणीतलं लुगडं नेसून ट्रकपाशी उभी राहिली. तिने दोनदा पाय उचलला, पण गुडघा काही वर येईना. बिल्डिंगमधली माणसं बघायला लागली.

"आई, चढ ना लवकर! लोक बघतायत," दयानंद आत बसल्या बसल्याच ओरडला.

"तू हो पुढं. मी ऑटोनं येते," ती हळूच म्हणाली.

त्याने खरंच मोबाइलवरून ऑटो मागवला, तिला पत्ता सांगितला आणि निघाला.

सिग्नलला शेजारची रिकामी सीट दिसली, तेव्हा त्याला स्वतःची शरम वाटली. ट्रॅफिकमध्ये ऑटो पुढे निघून गेला होता. आईची माफी मागायचं ठरवूनच तो प्रणिताकडचा जिना चढला. दारापाशी आतलं बोलणं कानावर आलं.

"मावशी, एकटीच कशी आलीस गं?"



"एकटी कशाला? दयानंद गाडी लावतोय खाली. त्यानंच आणलं की! चढताना हात धरून वर बसवलं बघ मला."