हिरवा दिवा

"आमच्या गीझरमध्ये दोष आहे, याची आम्हाला खरंच कल्पना नव्हती," कंपनीतर्फे माफी मागणारी कालिंदी लाइव्हवर म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यातला दिवा हिरवाच राहिला. बोलणारा जाणूनबुजून खोटं बोलला की तो लाल होई, आणि ज्या माफीला दिवा नाही ती लोक हल्ली ऐकूनही घेत नसत.

म्हणून तर कंपनी तिला काहीच कळू देत नसे. तिला बातम्या बंद, कारखान्यातल्या माणसांशी बोलणं बंद. लिहून दिलेल्याबाहेर एक शब्द गेला की लाइव्ह आपोआप तुटायचं.

खाली प्रतिक्रियांत शिव्यांची लाखोली चालली होती. त्यात तिच्या भावाची ओळ आली. "ताई, आबांकडे तुमच्याच कंपनीचा दुसरा गीझर आहे. ते आंघोळीला निघालेत. चालू ठेवू ना?"

कालिंदीने माइकवर हात ठेवला आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या मॅनेजर चिटणिसांना हळूच विचारलं, "सर, बाकीचे गीझर ठीक आहेत ना?"

"ठीकच आहेत. वाचा पुढे."

"मग पुढचं वाक्य तुम्हीच म्हणा." तिने माइक त्यांच्यापुढे धरला.

चिटणीस झटकन मागे सरले.

कालिंदी पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली आणि लिहून दिलेलं वाक्य एकेक शब्द सुटा करत वाचू लागली. "आमचे बाकीचे सर्व गीझर पूर्णपणे सुरक्षित आहेत."

दिवा लालभडक झाला. चिटणीस लाइव्ह तोडायच्या बटणाकडे धावले, पण त्याआधी खाली एक ओळ उमटली होती.

"बंद केला, ताई."