लग्नातली पँट

शिंप्याचा थोरला भाऊ दुकानात आला की पोट थोपटत म्हणायचा, “लग्नातली पँट अजून बसते मला! सकाळी चालायला जायला मी काय पोस्टमन आहे?” शिंपी नुसता हसायचा. इस्त्रीला आलेली ती पँट तोच दरवेळी कमरेत गुपचूप सैल करून द्यायचा. दादाचं मन कशाला दुखवा! वहिनी काकुळतीने म्हणायची, “भावजी, तुम्ही तरी त्यांना चालायचं सांगा.” “सांगतो की,” म्हणत तो मशीन चालवू लागायचा. मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वर्षभर अंथरुणावर पडून तो पार वाळला. आज आधाराने पहिली पावलं टाकायची म्हणून शिंपी तीच पँट आवळायला त्याच्या उशाशी बसला. कमरपट्टी उसवली, तशा जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा दिसल्या. दादाने त्यांवरून शाबूत हात फिरवला. “अरे, मला वाटायचं, मी होतो तसाच आहे.”