मागचा टायर

"सिंगल, का डबल सीट?" संपतने विचारलं.

टायरच्या दुकानात हे सगळ्यांनाच विचारतात. गाडीवर वजन किती पडणार ते कळलं की कुठला टायर काढायचा ते ठरतं. संपतने तर मानही वर केली नव्हती. तो मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून टायर चाचपत होता.  पण नीरजा वडिलांकडे न पाहता समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. आळंदीकडे जाणारी एक बस थांबली, माणसं चढली, बस गेली.

"सिंगल," बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं होतं, आणि तेही एका परक्या माणसाला.

संपतने टायरवरून अंगठा फिरवला. मधली नक्षी पार झिजून टायरचा नुसता गोटा झाला होता. ह्याच्यावर तुम्ही पावसात फिरत होता का, असं त्याने दोनदा विचारलं. बाबांनी फक्त मान हलवली. त्यांच्या कोपरावरची खपली अजून ओली होती. परवा वळणावर गाडी खालून सटकली, तेव्हाचं ते खरचटणं. फारसं लागलं नव्हतं.

नीरजाची झोप त्या खरचटण्याने उडाली नव्हती. टायर झिजल्याचं बाबांच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊनही त्यांनी तो तसाच राहू दिला, हे तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. कोथिंबिरीची जुडी सोडून आत बघितल्याशिवाय पिशवीत न टाकणारा हा माणूस. रिक्षावाले, बँकेतले कारकून, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांशी त्यांचं एकेकदा वाजलेलं. उन्हाळ्यापासून मात्र ते सगळ्यालाच 'चालेल' म्हणत होते. आमटी खारट झाली, चालेल. नळ गळतोय, चालेल. आज टायर बदलायच्या निमित्ताने यायचं आणि इथेच त्यांच्याकडून किल्ली मागून घ्यायची, गाडी विकून टाकायची, असं ठरवूनच ती हिंजवडीहून सुट्टी काढून आली होती.

संपतने आतून एक टायर आणला. "हा टाकू?"

"टाका."

अजून एक-दोन दाखवतो, असं तो म्हणाला. नको, चालेल, असं बाबा म्हणाले. नीरजाने पर्सचा पट्टा घट्ट धरला. आता बोलायलाच हवं होतं.

संपतने टायर फरशीवर आपटून दाखवला. "लई टिकाऊ माल हाय, काका. एकट्या माणसाला जन्माला पुरंल. परत हिकडं यायचं कामच नाय."

बाबांनी मान वर केली.

"का? मी कुठं निघालोय?"

संपत हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि गुडघ्यावर हात ठेवत खाली बसले. टायरच्या कडेवर उठवलेले बनावटीच्या आठवड्याचे-वर्षाचे बारीक आकडे त्यांनी बोट ठेवून वाचले. हा कारखान्यातून निघून किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. संपत म्हणाला, असतील थोडे, पण रबर काय नासतंय थोडंच.

"नासत नाही, दगड होतो. दगड टिकतोच. ओल्या डांबरावर धरतो का, ते सांगा."

"सरळ रस्त्याला एक नंबर चालतो, काका."

"पुण्यात सरळ रस्ता कुठं शिल्लक आहे, तेवढं दाखवा. मग घेतो हा."

शेजारी पंक्चर काढून घेणारा एक जण फिदीफिदी हसला. संपतने मुकाट्याने तो टायर आत नेला आणि दुसरा आणला. त्याच्या खाचा बाबांना उथळ वाटल्या. पाणी बाहेर कुठून पडणार, हे त्यांना समजेना. तिसऱ्याच्या खाचा पसंत पडल्या, पण वेष्टनाखाली तो फिकट दिसला, म्हणून दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावा लागला. नीरजाने बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. पर्सचा पट्टा तिच्या हातून कधी सुटला ते तिला कळलं नाही.

चौथ्या टायरला बाबांनी नख लावून पाहिलं. नख रुतलं.

संपतने कपाळावरचा घाम पुसला आणि शेवटचं सांगून पाहिलं. "काका, हा धरतो चांगला, वळणाला पण ऐकतो. पण मऊ हाय. लवकर झिजणार. वर्षा-दोन वर्षांत परत यावं लागंल तुम्हाला."

"येईन की," बाबा म्हणाले. "तुम्ही दुकान बंद करून चाललात का?"

टायर चढवायला घेतला, तेव्हा बाबा दुकानातल्या कारागिराच्या डोक्यावरच उभे राहिले. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेलाच हवा, उलटा बसवू नका, हे त्यांनी त्याला सांगितलं. मग त्याने टायर बसवल्यावर बाण त्यांनी स्वतः वाकून पाहिला, आणि हवा किती भरायची यावरून नवा वाद काढला. भर उन्हात त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता.

संपत नीरजाजवळ येऊन उभा राहिला. त्याने आवाज खाली आणला.

"मॅडम, काका घरी पण असंच भांडतात?"

 नीरजाने मान वळवली, डोळ्यांत काही गेल्यासारखा हात फिरवला.

"नेहमी," ती म्हणाली. "मध्ये थोडे महिने बंद होतं."